चोराबारीचा काठ

केदारनाथच्या देवळामागून चोराबारी तालाकडे जाणारी पायवाट आम्ही २००७ च्या जूनमध्ये चढलो. अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटर. पण साडेतीन हजार मीटरांवर दर पावलाला धाप लागे. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी इथे विसर्जित झाल्या, म्हणून हे गांधी सरोवरही. हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीच्या बांधावर आम्ही निवांत शिदोरी सोडली. तो बांध आम्हांला डोंगराइतकाच अढळ वाटला होता.

१७ जून २०१३ च्या सकाळी, अतिवृष्टी आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने तो फुटला. तळे रिकामे झाले; खाली केदारनाथची वस्ती होती, यात्रेकरू होते.

आमच्याकडे त्या दुपारचे एक छायाचित्र आहे. ते भिंतीवरून उतरवावे की नाही, यावर आमचे अजून एकमत होत नाही.