टेन्शनमुळे गेलं का?

रुग्णालयाच्या वंध्यत्व विभागात मी समुपदेशक आहे. मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा : "मॅडम, मी टेन्शन घेतलं म्हणून राहिलं नाही का?" विचारणारीच्या हातात बहुधा बीटा एचसीजीचा, म्हणजे गर्भधारणेच्या रक्ततपासणीचा, निगेटिव्ह रिपोर्ट असतो. मग ती मागच्या दोन आठवड्यांचा पाढा वाचते. सासूबाईंशी वाजलं होतं, खड्ड्यांतून रिक्षाने आले, पपईची फोड खाल्ली, एका रात्री रडू आवरेना. यातलं नेमकं काय भोवलं, एवढंच तिला माझ्याकडून हवं असतं.

समुपदेशकाने ऐकावं, उत्तरं देण्याची घाई करू नये, असं आम्हाला शिकवतात. पण इथे उत्तर ठाऊक असताना गप्प बसणं मला निर्दयपणाचं वाटतं. कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बॉयव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली १४ अभ्यासांतल्या साडेतीन हजारांवर स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली. उपचाराआधीचा मानसिक ताण आणि उपचाराच्या त्या फेरीत दिवस राहणं न राहणं, यांत संबंध दिसला नाही. भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर पलंगाला खिळून राहिल्याने यश वाढतं, असंही नाही. भ्रूण न रुजण्याचं एक मोठं कारण त्याच्यातच असतं. त्याच्या गुणसूत्रांत बिघाड असतो आणि बाईच्या वयाबरोबर असे बिघाड वाढतात. हे मी साध्या शब्दांत सांगते. ऐकून काही जणी मोकळ्या होऊन रडतात, काही चिडतात. चूक आपली असेल तर पुढच्या वेळी ती टाळता येईल, ही आशा त्या अपराधीपणात दडलेली असते. मी तीही काढून घेते, म्हणून त्यांचा राग मला समजतो.

इंजेक्शनांचे दहा-बारा दिवस तसे निभतात. रोज काहीतरी करायचं असतं, सोनोग्राफीत स्त्रीबीजाच्या किती पिशव्या (फॉलिकल) वाढल्या हे कळत असतं. भ्रूण सोडल्यानंतर मात्र रक्ततपासणीपर्यंत हातात काहीच राहत नाही. बायका खचतात त्या याच दिवसांत. त्यामुळे आता मी आधीच दोघांना समोर बसवते आणि काही गोष्टी ठरवून घेते. रिपोर्ट मोबाइलवर कोण पाहणार? ती ऑफिसात एकटी असताना तो उघडायचा का? "काय झालं?" असं विचारणाऱ्या आत्या-मावश्यांना फोन कोण करणार? माझ्या कामातला हा अर्धा तास मला सर्वांत उपयोगी वाटतो. दुःख त्याने टळत नाही, पण निदान ते लिफ्टमध्ये, अनोळखी माणसांच्या देखत अंगावर येत नाही.

नवरा बरेचदा बाहेरच्या बाकावर बसून राहतो. मी त्याला आत बोलावते. साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचंही काही कारण असतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणाच्या जोडीला. तरी गावात बोलणी बाईलाच खावी लागतात. नवऱ्याचा शुक्राणूंचा काउंट कमी असल्याचं माहीत असूनही हळदीकुंकवाला सगळ्यांचे टोमणे मुकाट गिळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. "ह्यांना कमीपणा येईल," असं त्या म्हणतात. आणि नवऱ्याला एकट्याला बोलतं केलं की तो मान खाली घालून सांगतो, "तिला माझ्यामुळे सुया टोचून घ्याव्या लागतात." ही दोन वाक्यं त्या दोघांनी एकमेकांना कधीच ऐकवलेली नसतात. ती समोरासमोर आणणं हे माझं काम.

दात्याच्या बीजाचा विषय निघाला की प्रश्न येतो, "मग ते माझं होईल का?" कायद्याचं उत्तर सोपं आहे. २०२१ च्या सहाय्यक जननतंत्रज्ञान नियमन कायद्यानुसार ते मूल त्या जोडप्याचंच. मनाच्या उत्तराला वेळ लागतो, आणि तो मिळावा म्हणून मी कधी कधी डॉक्टरांना पुढची तारीख लांबवायला सांगते. यश किती शक्य आहे आणि उपचाराचे परिणाम काय, याबद्दल जोडप्याला व्यावसायिक समुपदेशन मिळायला हवं, असं हाच कायदा सांगतो. प्रत्यक्षात ते अनेक ठिकाणी संमतिपत्रावरच्या एका सहीत उरकतं. याची मला मनापासून चीड येते.

सर्वांत अवघड जातं ते थांबण्याबद्दल बोलणं. दागिने मोडून, सोसायटीचं कर्ज काढून आलेल्या माणसांना पुढची फेरी नाकारण्याचाही अधिकार आहे, हे कुणीतरी उच्चारायला लागतं. थांबलं म्हणजे हरलं, असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. थांबायचं ठरवल्यावर चार वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागली, असं एकीने मला सांगितलं होतं. मूल हवंसं वाटणं तिचं संपलं नव्हतं, पण दर महिन्याच्या तारखेची धास्ती सरली होती.

तुम्ही उपचार सुरू करणार असाल, तर पहिल्याच भेटीत विचारा : इथे समुपदेशक कोण आहे, आणि आम्हाला दोघांना कधी भेटता येईल? आणि तुमच्या घरात कुणी या उपचारातून जात असेल, तर तिला "टेन्शन घेऊ नकोस" एवढं मात्र म्हणू नका. रिपोर्टच्या दिवशी तिच्या फोनची वाट पाहा.