ऑप्शनला टाकलेलं युनिट

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी बोलते भरपूर, पण लिहायची वेळ फक्त मराठीच्या पेपरला यायची. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

गोष्ट गेल्या सुट्टीतली. माझा मामा कॅलिफोर्नियात असतो. त्याने तिकीट काढलं आणि निघायच्या चार दिवस आधी रिझल्ट लागला. एम-फोरमध्ये केटी! कारण हॉस्टेलवाल्यांना समजावून सांगायला नकोच. प्रोबॅबिलिटीचं अख्खं युनिट मी ऑप्शनला टाकलं होतं आणि पेपरात नेमके त्याचेच प्रश्न जास्त. घरी सांगायची हिंमत झाली नाही. "रिझल्ट अजून लागायचाय" असं ठोकून दिलं आणि विमानात बसले.

मामीला ऑफिस होतं, म्हणून मामा आणि मी दोघंच गाडीने लास व्हेगासला गेलो. तिथे 'न्यूयॉर्क-न्यूयॉर्क' नावाचं हॉटेल आहे. १९९७ साली उघडलेलं. बाहेरून अख्खं नकली न्यूयॉर्क : एम्पायर स्टेट, ब्रुकलिन ब्रिज आणि कोपऱ्यावर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. गंमत म्हणजे २०१० साली अमेरिकेच्या टपाल खात्याने स्वातंत्र्यदेवीचं तिकीट काढलं, त्यावर चुकून या नकली देवीचाच फोटो छापला! काही महिन्यांनी ते उघडकीला आलं. मामा हे सांगून खो खो हसला. मला मात्र पोटात कसंतरी झालं. नकली चेहरा घेऊन मीही दोन आठवडे फिरतच होते की.

या इमारतींच्या भोवती, वरून-खालून रोलर कोस्टर फिरते. डबे न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीसारखे. टोगो नावाच्या जपानी कंपनीने ती बनवली. आधी नाव 'मॅनहॅटन एक्स्प्रेस' होतं, आता 'बिग ॲपल कोस्टर'. तिच्याकडे जायचं तर कसिनोतून चालत जावं लागतं. नेव्हाडात २१ वर्षांखालच्यांना जुगाराला बंदी, मशिनपाशी रेंगाळायलाही बंदी. मी वीस वर्षांची! गार्डने माझ्याकडे बघून नुसता हात हलवला, म्हणजे चालत राहा. शाळेत सिस्टर सांगायच्या, जुगार हे पाप. आजी धर्मराजाची गोष्ट सांगायची. दोघींनी सांगून जे झालं नाही ते गार्डने एका हाताने केलं.

मामा म्हणाला, "तू वर जाऊन ये, मी इथे पाचच मिनिटं बसतो."

वर टॅक्सीत बसले. बार खाली आला आणि साखळीवर टक टक टक करत आम्ही चढायला लागलो. उंची २०३ फूट. आमच्या गावच्या जत्रेतला आकाशपाळणा आठवला. त्याचा नटबोल्ट बघून मी कधी बसलेच नव्हते. इथे नटबोल्ट दिसत नव्हते म्हणून जास्त भीती! पहिला उतार ७५ फुटांचा. वाटलं, हात्तिच्या, एवढंच? (फर्स्ट इयरला आपल्याला असंच वाटतं.) मग आला खरा उतार, १४४ फूट! वेग ताशी ६७ मैल, म्हणजे १०८ किलोमीटर. रात्री रूट टू जी एच करून बघितलं तर १०६ आले. वरून निघतानाच थोडा वेग असतो, त्याचे उरलेले दोन. तेव्हा मात्र गणित-बिणित काही नाही, फक्त "आई गं!" शेवटी शेवटी गाडी आपल्या छातीच्या रेषेभोवती वळून उलटी होते आणि तशीच खाली सूर मारते. डोकं खाली, पाय वर, आणि व्हेगास डोक्याखाली.

ब्रेक लागले आणि हात थरथरत असताना एकदम डोक्यात आलं. इतकी ओरडले, पण धोका जवळजवळ नव्हताच. कुणीतरी प्रत्येक वळणाचा हिशेब आधी करून ठेवला होता.

खाली आले तर पाच मिनिटांचा पाऊण तास झालेला. मामा चाकापाशी बसला होता. मी लांबूनच, चालत चालत, बघितलं. तिथे गार वारा, मऊ खुर्च्या, घड्याळ दिसत नाही, कुणी ओरडत नाही. चाकावर १ ते ३६, शिवाय एक शून्य आणि एक दुहेरी शून्य, असे ३८ खाने. आकडा लागला तर एकाला ३५ मिळतात. म्हणजे प्रत्येक १०० डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कसिनोचे! हेही वळण कुणीतरी आधीच काढून ठेवलंय, फक्त तिथे बार नाही. आणि हे गणित कुठलं? माझ्या ऑप्शनला टाकलेल्या युनिटमधलं.

गाडीत मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दोनशे डॉलर गेले गं. मामीला बोलू नकोस."

मी म्हटलं, "मामा, मला एम-फोरमध्ये केटी लागलीय. आईला माहीत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघं हसायलाच लागलो. सौदा तर झाला होता, पण मला तो गोड लागेना. बारस्टो नावाच्या गावी चहाला थांबलो. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. आई पाणी भरायला उठलेलीच असते. फोन लावला. रिंग वाजत होती तेव्हा पोटात जे झालं ना, त्यापुढे १४४ फूट काहीच नाहीत. इथे शेवट कुणी ठरवून ठेवला नव्हता.

आई आधी गप्प. मग म्हणाली, "केटीचं जाऊ दे. पंधरा दिवस रोज बोलत होतीस माझ्याशी, त्याचं काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही. घरी पोचल्यावर मामाने मामीला स्वतःच सांगून टाकलं.

एम-फोर परत दिलाय, प्रोबॅबिलिटीसकट. रिझल्ट लागायचाय. या वेळी खरंच लागायचाय!