विजयदुर्गाच्या बंदरात जळालेले आरमार



चौथीला शिवरायांचे आरमार शिकवताना आमच्या गडचिरोलीकडची मुलं हमखास विचारतात, "सर, समुद्र वैनगंगेएवढा राहते का?" समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. पण डोंगा पाहिलाय, आणि सागवान तर रोजचंच. म्हणून मी जहाजाची गोष्ट लाकडापासून सुरू करतो. सागाच्या लाकडात तेल असते, त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानाची बांधलेली 'ट्रिंकोमली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर तरंगते आहे.

आंग्र्यांच्या जहाजांचे नशीब मात्र वेगळे होते. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचे मोठे लढाऊ जहाज. गलबत लहान, शिडासोबत वल्ह्यांनीही चालणारे. या बळावर कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनारा राखला. १७२० मध्ये इंग्रजांना आणि १७२४ मध्ये डचांना विजयदुर्ग घेता आला नाही.

पुढे तुळाजी आंग्रे पेशव्यांचे ऐकेनासे झाले. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये जमिनीवर पेशव्यांची फौज आणि समुद्रात वॉटसनच्या युद्धनौका, असा विजयदुर्गाला वेढा पडला. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या 'रिस्टोरेशन' जहाजावर तोफगोळा पडला, ते पेटले. बाकीची जहाजे जवळजवळच होती. आग पसरत गेली आणि बघता बघता सारे आरमार जळाले.

इथे वर्ग एकदम शांत होतो. एक मुलगी म्हणाली, "मोहाखालचा पाला पेटवला का आग जंगलात जाते, तसंच झालं न सर?" दुसऱ्याने विचारलं, "मंग आपलेच लोक इंग्रजांकडून होते का?"

हो, होते. हे उत्तर मी टाळत नाही. पेशव्यांना एका सरदाराला नमवायचे होते. त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात विजयदुर्ग त्यांना मिळालाही. पण जळालेले आरमार परत आले नाही, आणि पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवील अशी ताकद उरली नाही. विजयाच्या कथा मुलांना आवडतातच, पण घरच्या भांडणाची किंमतही त्यांना कळली पाहिजे.

उपक्रम : नकाशात विजयदुर्ग व बाणकोट शोधा. पेशव्यांनी तुळाजींशी दुसऱ्या कोणत्या मार्गाने वाद मिटवला असता? गटात चर्चा करा.