कॅप्टन कर्कच्या गावाला

आयोवा सिटीहून दक्षिणेला निघालं की पंधराएक मैलांवर रिव्हरसाइड लागतं. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, आणि मध्ये जेमतेम हजार वस्तीचं गाव. तिथं एका जुन्या न्हाव्याच्या दुकानामागं एक दगड उभा आहे. त्यावर कोरलंय, 'कॅप्टन जेम्स टी. कर्क यांचं भावी जन्मस्थान, २२ मार्च २२२८.'

'स्टार ट्रेक'मधला हा अंतराळयानाचा कप्तान आयोवातल्या एका छोट्या गावात जन्मेल, एवढंच मालिकेच्या जनकांनी, जीन रॉडेनबरींनी सांगून ठेवलं होतं. गावाचं नाव दिलं नव्हतं. १९८५ मध्ये रिव्हरसाइडच्या एका नगरसेवकानं सुचवलं की ते गाव आपलंच म्हणून जाहीर करून टाकू. ठराव मंजूर! नामदेवांचं जन्मगाव नरसी की पंढरपूर यावर आपल्याकडे अजून वाद चालतो. इथं माणूस जन्मायला दोनशे वर्षं अवकाश, आणि दगड तयार.

मी या दगडापर्यंत पोचले ती कर्कमुळे नव्हे, डेटामुळे.

ऑगस्ट १९९३ मध्ये आम्ही आयोवा सिटीत उतरलो, तेव्हा त्या उन्हाळ्यातल्या महापुराच्या खुणा गावभर दिसत होत्या. नवरा पीएच.डी.चा विद्यार्थी, मी एफ-२ व्हिसावर. म्हणजे नवऱ्याच्या कागदाला जोडलेला कागद, नोकरीची परवानगी नाही. कराडला पाच वर्षं शाळेत मराठी शिकवलेली मी इथं दिवसभर खिडकीतून बर्फ बघायची. इंग्रजी वाचता यायचं, पण समोरचा बोलायला लागला की तोंडाला कुलूप. शेजारणीला पुरणपोळीचं जेवायला बोलावलं तर ती हसून म्हणाली, "मी रेन चेक घेते." रात्री मी नवऱ्याला विचारलं, हा चेक कुठल्या बँकेचा असतो? आणि पावसाचा काय संबंध, बाहेर तर बर्फ पडतंय! तो इतका हसला की मी आठवडाभर कुणाशी इंग्रजीत बोललेच नाही.

तो रात्री उशिरा लॅबमधून यायचा. वाट बघताना सेकंडहँड टीव्हीवर 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चे जुने भाग लागायचे. मूळ मालिका आपल्यापैकी काहींनी दूरदर्शनवर पाहिली असेल, टोकदार कानांच्या स्पॉकची. ही त्यापुढची. यात डेटा नावाचा एक यंत्रमानव आहे. फिकट चेहरा, पिवळे डोळे. त्याला जगातलं सगळं ज्ञान आहे, फक्त माणसं बोलताना जे बोलतात ते कळत नाही. कुणी वाक्प्रचार वापरला की तो मान तिरकी करून अर्थ विचारतो. अर्थ कळला की लगेच पाच समानार्थी शब्द म्हणून दाखवतो, माझ्या सातवीच्या वर्गातल्या पहिल्या बाकासारखा. शिवाय तो 'डोन्ट' म्हणत नाही, 'डू नॉट' म्हणतो. आमच्या कराडच्या इंग्रजीच्या बाई हेच शिकवायच्या! अख्ख्या अमेरिकेत माझ्यासारखं इंग्रजी बोलणारा मला हा एकच भेटला, आणि त्याला कुणी हसत नव्हतं. हसलंच, तर त्याचं काही बिघडत नव्हतं.

मग मी वही घेऊन बसायला लागले. डेटाला न कळलेले वाक्प्रचार डावीकडे, अर्थ उजवीकडे. आमची भांडी रात्री साडेदहाच्या आत घासून व्हायची.

एका भागात एका शास्त्रज्ञाला डेटाचे सुटे भाग करून त्याचा अभ्यास करायचा असतो. डेटा नकार देतो. तर प्रश्न असा निघतो की हा स्वतंत्र जीव आहे की दलाची मालमत्ता, आणि त्याला नकार द्यायचा हक्क तरी आहे का. खटला उभा राहतो, कप्तान पिकार्ड त्याची बाजू मांडतो. तो भाग संपल्यावर मी कपाटातून पासपोर्ट काढला आणि व्हिसाचं पान बराच वेळ बघत बसले. नवरा आला तेव्हा म्हटलं, "मला विद्यापीठात नाव घालायचंय." पैसे कुठून आणायचे यावर पहाटेपर्यंत भांडलो. त्याचं चूक नव्हतं, पैसे खरंच नव्हते.

त्याच जूनमध्ये, १९९४ साली, मैत्रिणीच्या गाडीतून रिव्हरसाइडच्या ट्रेक फेस्टला गेलो. आपल्या जत्रेसारखीच जत्रा. मिरवणूक, खाणं, गणवेश घातलेली पोरंटोरं. एंटरप्राइजसारखं दिसणारं एक यान होतं, त्याचं नाव मात्र 'यूएसएस रिव्हरसाइड'. आणि गावाजवळच्या नदीचं नाव इंग्लिश रिव्हर, हे मला त्या दिवशी कळलं. म्हटलं, चला, इंग्रजीच्या काठावर तर आलो.

दगडापाशी एका आजीबाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी सवयीनं नवऱ्याकडे बघणार होते. पण १९८६ च्या चित्रपटात कर्कला असंच विचारतात, तेव्हा तो सांगतो की मी आयोवाचा, अंतराळात फक्त कामाला असतो. मी म्हटलं, "मी कराडची. आयोवात फक्त राहते."

आजीबाई क्षणभर बघत राहिल्या आणि खो खो हसत सुटल्या. आजूबाजूचे चार जण हसले. त्यांतल्या कुणाला कराड कुठं आहे हे माहीत नव्हतं, विनोद मात्र पोचला. मी इंग्रजीत केलेला तो पहिला विनोद.

पुढं मी शिकले, उशिरा का होईना. आता आम्ही शिकागोजवळ असतो. मागच्या जूनमध्ये लेकीला घेऊन पुन्हा गेले. आता तिथं छोटं संग्रहालय आहे, कर्कचा पुतळाही आहे. लेकीचा जन्म आयोवा सिटीचा. तिला कुणी विचारलं तर ती "इथलीच" म्हणते आणि पुढं चालू लागते. तिला विनोद करावा लागत नाही.

पहिल्या खेपेची एक गोष्ट राहिलीच. दगडाजवळची चिमूटभर माती मी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत भरून घेतली होती. दोन वर्षांनी कराडला गेले तेव्हा बॅगेतून ती आईच्या हाती लागली. मी आंघोळीहून येते तो डबी देव्हाऱ्यात आणि आईच्या कपाळाला मातीचं बोट.

"कुठल्या देवाची गं?" तिनं विचारलं.

"आई, त्याचा अजून जन्म व्हायचाय."

"पण गाव ठरलंय ना?"

"ठरलंय."

"मग कल्कीच की," आई म्हणाली आणि डबीपुढं फूल ठेवून स्वयंपाकघरात गेली.