समुद्राचा ताप

आमच्या घरांतील प्रेशर कुकरचें रबर एके दिवशीं नाहींसें झालें. चोरी झाली म्हणावें, तर कुकर ठेवून रबर तेवढें न्यावें हें कोणत्याही चोराच्या शास्त्रांत बसत नाहीं. तपासाअंतीं संशय आमच्या नातवावर आला. हा आमच्या मुलीचा मुलगा. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकतो. त्यानें गुन्हा तात्काळ कबूल केला. तो व त्याचे तीन सोबती समुद्राच्या तळाशीं ठेवण्याचें एक यंत्र बनवीत होते, आणि झांकणांतून पाणी आंत शिरूं नये म्हणून हें रबर त्यांना हवें होतें.

यंत्र म्हटलें म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें चक्रें व दट्टे उभे राहतात. हें यंत्र म्हणजे एक पोलादी डबा व त्यांतून बाहेर आलेली एक बारीक सळई. दर दहा मिनिटांनीं पाण्याचें उष्णमान टिपून ठेवणें एवढेंच त्याचें काम. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जीं प्रवाळें आहेत, त्यांच्याजवळ तें रीतसर परवानगी काढून ठेवावयाचें होतें.

"हें यंत्र प्रवाळें वांचवील काय?" आम्हीं विचारलें.

"नाहीं, आजोबा. तें नुसता ताप पाहील."

"ताप पाहून ताप उतरतो काय?" असें म्हणून आम्ही हंसलों.

पोवळ्याच्या आंगठीपलीकडे आमचें प्रवाळांविषयींचें ज्ञान जात नव्हतें. नातवानें सांगितलें तें असें : प्रवाळ हा दगड नव्हे, तो इवल्याशा प्राण्यांचा गांव आहे. त्यांच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि भाड्यादाखल त्यांतला मोठा वांटा घरमालकास देतें. रंगही बहुतेक त्या भाडेकऱ्याचाच. पाण्याचें उष्णमान नेहमींच्या कडक उन्हाळ्याहून एका अंशानें चढलें आणि कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं हा संसार मोडतो. घरमालक भाडेकऱ्यास बाहेर काढतो, पांढराफटक पडतो, आणि ताप लवकर उतरला नाहीं तर उपासमारीनें मरतो. समुद्रतळाचा शंभरावा भागही प्रवाळांनीं व्यापलेला नाहीं. पण सागरांतील सुमारें चतुर्थांश जीवजातींचा आसरा त्यांच्यापाशीं आहे. मनुष्यानें कोळसा व तेल जाळून जी जादा उष्णता सांठविली, तिचे शंभरांतील नव्वदांहून अधिक भाग समुद्रानें मुकाट्यानें गिळले आहेत. जगभर प्रवाळें पांढरीं पडण्याची चौथी लाट आल्याचें शास्त्रज्ञांनीं २०२४ च्या एप्रिलमध्यें जाहीर केलें.

असो. यंत्र मालवणास गेलें, होडींतून खालीं सोडलें गेलें, आणि आठ दिवसांनीं वर काढलें तेव्हां त्यांत घोटभर पाणी होतें. कुकरचें रबर वाफेपुढें टिकतें, समुद्रापुढें टिकत नाहीं, असें सिद्ध झालें. नातू परतला तो खालीं मान घालून. "अभ्यास बुडाला आणि रबरही गेलें," असें आम्ही बोलून गेलों. तें बोलावयास नको होतें.

रात्रीं त्यानें आम्हांला एक हकीकत सांगितली. अमेरिकेंत येल विद्यापीठांत शिकत असतां दोघां विद्यार्थ्यांनीं प्रवाळांची शेती करण्याचा बेत केला. फ्लोरिडांतील डेव्हिड व्हॉन या शास्त्रज्ञाच्या हातून पूर्वीं एक प्रवाळ चुकून मोडलें होतें. ते बारीक तुकडे मरण्याऐवजीं झपाट्यानें वाढूं लागले, हें त्याच्या ध्यानीं आलें. एरवीं वर्षांत बोटाच्या पेराइतकेंही न वाढणारें गोलसर प्रवाळ असे तुकडे करून शेजारीं शेजारीं लावलें, कीं जखम भरून यावी तसे ते एकमेकांस जाऊन मिळतात. ही युक्ति घेऊन त्या दोघांनीं २०१९ सालीं ग्रँड बहामा बेटावर किनाऱ्यालाच हौद बांधले. उष्णतेपुढें टिकाव धरणारीं प्रवाळें त्यांत निवडावीं, वाढवावीं आणि समुद्रांत नेऊन लावावीं, अशी योजना. त्याच वर्षीं सप्टेंबरांत डोरियन नांवाचें तुफान आलें व शेताची दाणादाण झाली. त्यांनीं तें पुन्हां उभें केलें. २०२१ सालीं त्यांच्या 'कोरल व्हिटा' या संस्थेस अर्थशॉट पारितोषिकाचे दहा लक्ष पौंड मिळाले.

"मग प्रवाळें वांचलींच म्हणावयाचीं!" आम्ही म्हणालों.

"नाहीं, आजोबा." पृथ्वीचें उष्णमान औद्योगिक युगापूर्वींपेक्षां दीड अंशानें वाढलें तर शंभरांतील सत्तर ते नव्वद भाग प्रवाळें जातील, दोन अंशांनीं वाढलें तर जवळजवळ सगळीं, हा संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाचा २०१८ चा निष्कर्ष त्यानें सांगितला. "हौदानें समुद्र भरत नाहीं. धूर थांबला नाहीं तर हें सारें फुकट आहे. पण तो थांबेल त्या दिवशीं लावायला रोप तरी हवें ना? आणि कोठें लावायचें हें कळायला कोणती जागा किती तापली हें कोणीतरी लिहून ठेवलेलें हवें."

त्या शब्दांनीं आम्ही एकदम अडतीस वर्षें मागें गेलों. याच मुलाची आई तेव्हां सात वर्षांची होती आणि विषमज्वरानें अंथरुणास खिळली होती. डॉक्टरांनीं औषध देऊन सांगितलें होतें, "दर दोन तासांनीं ताप पाहा आणि लिहून ठेवा." सोळा रात्री आम्हीं तेवढेंच केलें. ताप उतरविणें आमच्या हातीं नव्हतें. काचेची नळी झटकावी, तिच्या काखेंत धरावी, आणि आंकडा वहींत मांडावा, एवढेंच होतें. एके पहांटे ते आंकडे पाहूनच डॉक्टरांनीं औषध बदललें. त्या रात्रीं कोणी आम्हांला "ताप पाहून ताप उतरतो काय?" असें विचारलें असतें, तर आम्हीं त्याला घराबाहेर काढलें असतें. आणि येथें तर ज्या धुरानें समुद्र तापला, तो नातवाच्या जन्मापूर्वीं आमच्याच पिढीनें कितीतरी केला आहे. ताप आम्हीं आणावा आणि पाहणाऱ्यास हंसावें, हें कोठल्या न्यायांत बसतें?

दुसऱ्या दिवशीं आम्हीं ती जुनी वही कपाटांतून काढून त्याच्या हातीं दिली. आईच्या तापाचे आंकडे तो बराच वेळ पाहत बसला. मग त्यानें पुढचीं कोरीं पानें मोजलीं व म्हणाला, "हीं मी वापरूं?"

पुढच्या खेपेस तो मालवणास निघाला तेव्हां डब्याला आम्हीं आणून दिलेलें चांगलें रबर होतें. कुकरचें त्याची आजी आतां कुलुपांत ठेवते. वही त्याच्या थैलींत होती.