आधी पिवळी, मग काळी

माझ्या शाळेच्या दिवसांत नागपुरात कुणाला जाहिरातींचं, अक्षरांचं, मांडणीचं शिक्षण घ्यायचं असेल तर वाट ठरलेली होती. चित्रकलेची एलिमेंटरी द्या, इंटरमिजिएट द्या, बारावीनंतर सीईटी द्या आणि शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कलेला नंबर लागतो का ते बघा. जागा मोजक्या. मी दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. भूमिती-अक्षरलेखनाच्या पेपरात भूमिती लवकर उरकून अक्षरांसाठी वेळ राखायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पण घरात सगळे कॉमर्सवाले. मीही बी.कॉम.ला गेले आणि ती आवड वह्यांच्या शेवटच्या पानांवर राहिली.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली, शेवटच्या वर्षाचे पेपर लांबले आणि घरातली सगळी माणसं दिवसभर एकमेकांसमोर आली. एका रात्री जेवताना बाबा आपणहून म्हणाले, "तुला ते डिझाइनचं शिकायचं होतं न? आता शिकून घे." मुंबईतले एक सर वर्षभराचा ऑनलाइन वर्ग सुरू करत होते. फी आमच्या आवाक्यातली होती. दादाचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला आणि माडीवरची खोली माझं कॉलेज झाली.

नागपूरचा मे महिना. पारा ४५ च्या वर. वर्ग दुपारी चारला, म्हणजे उन्हाचा तडाखा अजून उतरलेला नसायचा आणि कूलर बंद करणं शक्य नसायचं. पहिल्याच आठवड्यात सर बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "नागपूर, तुमच्याकडे पाऊस पडतोय का?" मी सांगितलं, सर, तो कूलर आहे. पंपाचं पाणी वाळ्याच्या ताट्यांवरून गळतं आहे. मुंबईच्या मुलांनी वाळ्याची ताटी पाहिलेली नव्हती. मी लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला आणि ओल्या वाळ्यावर कॅमेरा धरला. वास काही पलीकडे पोचवता आला नाही, पण त्या दिवसापासून आमच्या वर्गात ओळखी झाल्या. इंदूरचा मुलगा त्यांच्याकडच्या उन्हाचं सांगू लागला, बेळगावची मैत्रीण तिथल्या मराठी-कन्नड पाट्यांचं. फोंड्याचा एक जण घरच्या दुकानाचं गल्ला-काउंटर सांभाळून बसायचा. आणि न्यू जर्सीची एक ताई, तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा, बाळ उठायच्या आत आमच्यात येऊन बसायची.

मोबाइलचा डेटा रोजचा दीड जीबी. सगळ्यांचे चेहरे चालू ठेवले तर तासाभरात संपायचा. सरांनी त्यावर तोडगा काढला. चेहरे बंद, कागद चालू. ज्याची पाळी असेल त्याने फोन आपल्या कागदावर रोखायचा. आमच्याकडे तांदळाच्या डब्यावर पोळपाट, पोळपाटाच्या कडेला फोन आणि खाली माझा आलेखाचा कागद अशी व्यवस्था झाली. वर्षभर आम्ही एकमेकांची तोंडं फार पाहिली नाहीत, हात मात्र इतके पाहिले की आजही मी त्यातल्या कुणालाही हातावरून ओळखेन.

सर स्वतः बोरूने लिहायचे. पांढरा कागद, काळी शाई आणि चिरक्या बोरूची करकर. बाकी सगळे म्यूटवर. ते शिरोरेखा शेवटी ओढायचे. आधी दंड, मग पोट, मग गाठ, आणि सगळं जागेवर बसलं की वरून एका दमात रेघ. बोरूचा कोन बदलला की जाडी कुठे वाढते, कुठे मरते हे त्या छोट्या पडद्यावर इतकं स्वच्छ दिसायचं की मोठ्या वर्गातल्या मागच्या बाकावरून ते कधी दिसलं असतं असं मला वाटत नाही. ऑनलाइन शिक्षणाची कुणी कीव केली की मला तो बोरू आठवतो. सरांचा हात माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होता.

जुलैमध्ये अक्षररचनाकार कमल शेडगे गेले. त्या दिवशी सरांनी ठरलेला पाठ बाजूला ठेवला. नाटकांच्या जाहिरातींमधली, मासिकांची, दिवाळी अंकांची शेडग्यांनी केलेली शीर्षकं ते एकेक करून दाखवत राहिले. शीर्षक वाचायच्या आधीच नाटक गंभीर आहे की हसवणारं हे कळतं की नाही बघा, म्हणाले. आमच्या घरी नाटकाच्या जाहिरातीचं पान कात्रीने कापून जपण्याची पद्धत नव्हती, याची मला त्या दिवशी पहिल्यांदा हळहळ वाटली.

सॉफ्टवेअरचं फार सांगण्यासारखं नाही. महागडी आम्हाला परवडत नव्हती, इन्कस्केप फुकट होतं, त्यावर हात बसला. सरांच्या वर्गाबाहेरही दोन दारं उघडी होती. एक आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचं 'डीसोर्स' हे संकेतस्थळ. देशातल्या कारागिरीपासून मुद्राक्षरांपर्यंतचं साहित्य तिथे कुणालाही फुकट वाचायला मिळतं. दुसरं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्सचा कोर्सेरावरचा अभ्यासक्रम. प्रमाणपत्र नको असेल तर व्हिडिओ फुकट पाहता यायचे. रात्री सगळे झोपले की मी ते पाहायची. पण तिथली सगळी उदाहरणं रोमन अक्षरांची. काना-मात्रा-वेलांटी सांभाळत दोन ओळींमध्ये किती जागा सोडायची, हा माझा प्रश्न तिथे कुणालाच पडत नव्हता. त्याचं उत्तर मला मिळालं ते आर. के. जोशींचं काम शोधताना. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फॉन्ट पाहत आलो तो त्यांचा, आणि ते आयडीसीत शिकवायचे. पुढे 'एक टाइप' या गटाच्या मंडळींनी केलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट हाती लागले. मराठी माणसं आपल्या अक्षरांवर इतकं काम करत आहेत, ते फुकट देत आहेत, आणि मला वीस वर्षांत त्याचा पत्ता नव्हता!

आमचा सगळ्यात लाडका गृहपाठ होता 'आपल्या गावचा ल'. निर्बंध सैल झाले तसं सरांनी सांगितलं, मास्क लावा, गर्दी टाळा, सकाळी लवकर बाहेर पडा आणि पाट्यांवरचे ल टिपून आणा. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा, हिंदीचा ल उजव्या हाताला सरळ दंडाचा. राज्य सरकारने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हीच रूपं ठरवली. पण संगणकात दोन्ही 'ल'ना क्रमांक एकच. कुठला उमटेल ते फॉन्टवर अवलंबून, त्यामुळे मराठी पुस्तकांतही दंडाचा ल सर्रास दिसतो.

मुंबईच्या मुलांना ल शोधायला वणवण करावी लागली. मला नागपूरने ओंजळी भरून दिले. १९५६ पर्यंत आपलं शहर राजधानी होतं ते मध्य प्रदेशाचं. मराठी आणि हिंदी दोन्ही इथल्या घराघरांत आणि दुकानादुकानांत नांदतात. इतवारीत शहीद चौकापासून मस्कासाथेपर्यंत मी सायकल हातात धरून चालले. एका भिंतीला लागून दोन दुकानं, एकावर पाकळीचा ल, शेजारी दंडाचा. एका जुन्या पत्र्याच्या पाटीवर तर एकाच नावात दोन्ही! पेंटरने पहिला ल मराठी काढला, पुढे जागा कमी पडली म्हणून दुसरा अरुंद दंडाचा बसवला असावा. पत्र्याचा रंग उडालेला, पण अक्षराची कड अजून धारदार. खालच्या कोपऱ्यात पेंटरने बारीक सही केली होती. मी फोटो काढत असताना दुकानाचे मालक शटर उघडायला आले आणि म्हणाले, "वडिलांच्या वेळची आहे. फ्लेक्स लावायचा म्हणतो, पण उतरवायला जीव होत नाही." ती पाटी मी वर्गात दाखवली तेव्हा पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. नंतर सर म्हणाले, "नागपूर, तुमचं शहर हेच तुमचं पाठ्यपुस्तक आहे." एवढं मोठं कौतुक मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

पोळ्याच्या सुमारास भित्तिपत्रकाचा विषय आला: आपल्या गावचा सण. मी मारबत घेतली. दुसऱ्या गावच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या पाडव्याला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, नागपुरात बांबू-कागदाच्या प्रचंड मारबती निघतात, एक काळी आणि एक पिवळी. गावातली रोगराई आणि इडापिडा त्यांनी सोबत न्यावी म्हणून लोक ओरडून सांगतात. सव्वाशेहून जास्त वर्षांची ही परंपरा. त्या वर्षी रस्त्यावर नेहमीची गर्दी नव्हती, आणि रोगराई तर दाराशी उभी होती. मी पिवळ्या रंगात एक मोठा आकार केला, त्यावर काळा, आणि दोन्हींच्या मधून 'मारबत' हे चार अक्षरांचं नाव.

ते छापून घ्यायची संधी दिवाळीच्या आधी मिळाली. महाल भागात बाबांच्या ओळखीच्या एका काकांचा छापखाना आहे. तेव्हाच्या नियमाने लग्नाला पन्नासच माणसं चालणार, मग पत्रिका कोण छापणार? एरवी मान वर करायला फुरसत नसलेले काका खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझी फाईल पाहिली. "फाईल कर्व्ह केली न? बरं. मग हे चार प्लेटा कशाला? काळा अन् पिवळा, दोनच रंग आहेत. आधी पिवळी सोडू, मग काळी."

"उलटं केलं तर?"

"पिवळी काळीवर दिसतच नाही, पोरी. काळी पिवळीवर बसते."

छपाईच्या चार शाया निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी, हे मी सहा महिने पडद्यावर शिकत होते. माझ्या गावाच्या सणाचे दोन रंग त्यातलेच दोन निघाले, हे तिथे मशीनजवळ उभं राहून कळलं. जाणती माणसं काळी मारबत जुनी मानतात. छपाईत मात्र पिवळी आधी. काकांनी पिवळा गठ्ठा वाळू दिला, मग काळ्यासाठी मशीन धुऊन घेतलं. पहिला कागद निघाला तसा त्यांनी खिशातून भिंग काढून कोपऱ्यातल्या खुणेवर ठेवलं. "पाहा, रजिस्टर बरोबर जुळलं." मी वाकून पाहिलं. पिवळ्या रेघेवर काळी रेघ नेमकी बसली होती. आणि जिथे काळ्याखाली पिवळी होती तिथला काळा नुसत्या कागदावरच्या काळ्याहून गहिरा होता. हा फरक पडद्यावर कधीच दिसला नसता.

त्या दिवाळीत काकांनी मला बरंच दाखवलं. मागच्या खोलीत छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या अजून होत्या, त्यात शिशाचा पाकळीचा ल उलटा पडलेला. आणि एक जाडजूड अल्बम, त्यांच्या वडिलांच्या काळापासून छापलेल्या लग्नपत्रिकांचा. हळदी कागद, गणपतीचा ब्लॉक, 'चि. सौ. कां.' चं वळण दर दहा वर्षांनी बदलत गेलेलं. खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि गल्ली. नागपूरच्या मुद्रणाचा एवढा इतिहास त्या पानांत होता की मी दिवसभर जमिनीवर बसून राहिले.

वर्षअखेरीला वर्गाचं प्रदर्शन झालं, अर्थात पडद्यावरच. सरांनी मला भित्तिपत्रक कॅमेऱ्यासमोर तिरकं धरायला लावलं, म्हणजे तो गहिरा काळा सगळ्यांना दिसेल. न्यू जर्सीच्या ताईचं बाळ तेव्हा उठलेलं होतं आणि तिच्या मांडीवर बसून पाहत होतं.

आज मी नागपुरातच पुस्तकांची मुखपृष्ठं आणि पत्रिका करते. बेळगावची मैत्रीण माझ्यासोबत काम करते आणि कुठल्याही कामात ल कुठला घ्यायचा यावर आमचा फोन होतोच. सरांचं शिक्षण मला मुंबईला न जाता मिळालं आणि माझं गाव मला त्यांच्यामुळे दिसलं, या दोन्ही गोष्टींबद्दल मी कृतज्ञ आहे.

हा अंक वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. दिवाळीची साफसफाई करताना कपाटातून जुनी लग्नपत्रिका, मुंजीची पत्रिका, नाटकाचं हस्तपत्रक निघालं तर ते रद्दीत घालू नका. फोटो काढा, मागे वर्ष आणि गाव लिहा, खालचं छापखान्याचं नाव वाचता येतं का पाहा. आणि घरात कुणी मूल खोलीचं दार लावून पडद्यावर डिझाइन शिकत असेल तर तो कागद त्याच्या हातात द्या.