‘डबल’ या शब्दाचा उलटलेला अर्थ

जळगाव-धुळ्याकडे ज्याने मेंढीकोट खेळला आहे, त्याला हुकूम म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. ‘कट हुकूम’ पद्धतीत मागितलेला रंग ज्याच्याकडे प्रथम संपतो, त्याचे पान हुकूम ठरवते. जोडीदाराशी बोलण्याचा प्रश्नच येत नाही. काँट्रॅक्ट ब्रिजमध्ये मात्र हुकूम बोलून ठरतो, आणि ते बोलणे प्रतिस्पर्ध्याला मध्येच तोडता येते.

जोडीदार ‘एक चौकट’ म्हणाला. उजवीकडून ‘एक इस्पिक’ आले. हाती बदामची चार पाने आणि आठ गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). ‘दोन बदाम’ म्हणायला पाच पाने आणि दहा-अकरा गुण हवेत. पूर्वी येथे मुकाट बसावे लागे, कारण ‘डबल’ म्हणजे एकच: तुमचे इस्पिक बुडणार, दंड भरा.

१९५७ साली अमेरिकेच्या ॲल्विन रॉथ यांनी तो अर्थ फिरवला. डबल म्हणजे आता ‘माझ्याकडे बदाम आहेत, पुढे बोल’. त्याच वर्षी सोव्हिएत उपग्रह आकाशात गेला, म्हणून हे ‘स्पुतनिक डबल’.

किंमत मोजावी लागलीच. ज्याच्या हाती खरोखर इस्पिकची पाच बळकट पाने आहेत, त्याने ‘पास’ म्हणून थांबायचे. जुन्या खेळाडूंना हा सौदा महाग वाटला असेल तर नवल नाही. पण तसे हात क्वचित येतात, अडलेले मधले हात मात्र रोजचेच. जोडीदाराने आपल्या पाळीला डबल दिले, की हा पुन्हा ‘पास’ म्हणतो, आणि दंड कायम होतो.